वळणावरची पिवळी माती

शहापूरच्या बाजारामागून जी नदी वाहते, तिच्या काठावर गेल्या वर्षी भातकापणीच्या सुमारास आम्ही तीन दिवसांचा उत्सव भरवायचं ठरवलं. गाणी, नाच, शाळेच्या मुलांची चित्रं, एक छोटं नाटक. मी त्याच्या समितीत होतो. समितीतल्या बाकीच्यांना नदीबद्दल बरंच माहीत होतं. ती कुठून येते, कोणत्या नाल्याचं पाणी तिच्यात मिसळतं, कोणत्या आळीतला कचरा तिच्यात पडतो. मला यातलं फारसं माहीत नव्हतं. मला एकच गोष्ट माहीत होती आणि ती त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. बाजाराच्या खालच्या अंगाला, कातकऱ्यांच्या वाडीजवळ नदी जिथे वळते, तिथल्या मातीखाली कारखान्यातल्या विषारी गाळाच्या गोण्या आहेत. त्या मी पुरल्या आहेत.

मी मुळात कमी बोलणारा. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं माझं दुकान आहे. जळालेली मोटर आणून टाकतात, मी तिचं वाइंडिंग करून देतो. या धंद्यात बोलावं लागत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "कधी मिळंल?" मी म्हणतो, "परवा." लोकांना वाटतं, शांत माणूस आहे. शांत वगैरे काही नाही. तोंड उघडलं तर भलतंच बाहेर पडेल अशी भीती, दुसरं काही नाही.

समितीत मी आलो तोही मोटरमुळेच. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई पावसाळ्याआधीपासून दर रविवारी दहा-बारा लोकांना घेऊन घाट साफ करत होत्या. घाट म्हणजे बाजारातल्या दुकानांच्या मागच्या पायऱ्या. सगळी दुकानं नदीकडे पाठ करून उभी आहेत, त्यामुळे मागच्या दारातून जे बाहेर पडतं ते थेट खाली. कोंबडीची पिसं, थर्माकोल, काच फुटलेल्या देवांच्या तसबिरी. बाई दुकानात येऊन म्हणाल्या, "दादा, एक मोटर द्याल का? पायऱ्या धुवायच्यात." मी मोटर दिली, पाइप दिला, आणि पाइप सुटला तर कोण बघणार म्हणून स्वतःही गेलो. दोन रविवार गेलो, तिसऱ्या रविवारी त्यांनी मला समितीत घेतलं. नाही म्हणायला काहीतरी कारण द्यावं लागलं असतं. मला ते सुचलं नाही.

आणि खरं सांगायचं तर मला तिथे असायचंच होतं. लोक नदीत नक्की कुठे हात घालतायत यावर माझी नजर राहील, म्हणून.

बैठका शाळेच्या एका वर्गात व्हायच्या. आसनगावचा एक तिशीतला गृहस्थ असायचा, मुंबईला नोकरी करणारा, लोकलचा टाइम बघून बोलणारा. पहिल्याच बैठकीत त्याने विचारलं, "मॅडम, एक क्लिअर करा. वाडीतल्या लोकांना नुसतं नाचायला बोलवायचं, की माइकवर बोलायला पण? सगळ्या गावाची घाण त्यांच्या दारात जाते. त्याबद्दल ते बोलणार नसतील तर मग उत्सव कसला?"

वाडीतून एक म्हातारी आली होती, तिला सगळे आये म्हणतात. बाजारात ती चिंबोऱ्या आणि रानभाज्या विकते. लहान मुलांच्या बाकावर ती पाय वर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "नाचू पन आनि बोलू पन. पैला च्या सांगा. कवाची बसलेय."

सगळे हसले, मीही हसलो. मग बाईंनी त्यांच्या मनात होतं ते सांगितलं. घाटावर तीस फूट लांब कुडाची भिंत उभी करायची. कारवीच्या काठ्यांची, वाडीत घरांना असते तशी. वाडीतल्या बायका ती लिंपायला शिकवतील आणि शहापुरातली मुलं आपल्या हातांनी ती लिंपतील. भिंत वाळली की तिच्यावर चित्रं काढायची.

"आणि माती नदीचीच," बाई म्हणाल्या. "विकतची नको."

"वळणावरची पिवळी आनू," आये म्हणाली. "तिच्यावानी माती तालुक्यात नाय. आमच्या भिंती बघा येऊन. अशी पिवळी-हिरवी झाक मारते, रंग लावायलाच नको."

माझे हात बाकाखाली होते. लोक टाळ्या वाजवत होते. मी ते हात वर आणले आणि टाळ्या वाजवल्या.

आता ते सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी मुरबाडकडे एका छोट्या कारखान्यात कामाला होतो. नळांच्या तोट्यांना क्रोमची चकाकी चढवायचं काम. कारखाना कधीच बंद पडला, शेडचे पत्रेसुद्धा कुणीतरी नेले. टाक्यांच्या तळाशी गाळ साचायचा, हिरवट, पिवळट. तो उघड्या हाताला लागला की कातडीला बारीक भोकं पडत. आधी फोड, मग गोल खड्डा, भरून आला तरी पांढरा वण राहायचा. माझ्या डाव्या हाताच्या बोटांवर असे तीन आहेत. तो गाळ कुठे आणि कसा पाठवायचा याचे नियम होते आणि मालकाला ते परवडत नव्हते. एके दिवशी त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. "तू शहापूरकडचा ना? तिकडं एखादी पडीक जागा असेल बघ."

मालकाने जागा सांगितली नाही. जागा मी निवडली. बायकोलासुद्धा हे मी कधी सांगितलं नव्हतं.

मुरबाडहून शहापूरला येताना वाटेत शेणवा लागतं. ते माझं गाव. गावाबाहेर दगडखाणीचा एक खड्डा होता, खोल, कुणी फिरकायचं नाही असा. गोण्या भरलेल्या टेम्पोच्या ड्रायव्हरने तिथे गाडी हळू केली. त्या खड्ड्याच्या खालच्या बाजूला आमची विहीर. मी म्हणालो, "नको, पुढं चल." पुढे शहापूर आलं, नदी आली आणि वळणावरच्या त्या जागेपर्यंत टेम्पो गेला. तिथे वीटभट्टीवाल्यांनी माती काढून मोठे खड्डे करून ठेवले होते. बाजूला वाडी. दिवाळी झाली की वाडीतली सगळी माणसं भिवंडीकडे, कल्याणकडे भट्ट्यांवर जातात. दारांना काटक्या बांधून जातात, पावसाच्या तोंडावर परततात. मधले महिने तिथे कोंबडंसुद्धा नसतं. म्हणजे बघणारं कुणी नाही. मला ती जागा कुणाचीच नाही असं वाटलं. त्यांच्या कुडांपासून ती पन्नास पावलांवर होती.

तीन हिवाळे आम्ही गोण्या टाकल्या. भर दुपारी, कारण दुपारी टेम्पो कुणी अडवत नाही. आणि कुणाला शंका नको म्हणून खड्डे भरल्यावर वरून मी चांगली पिवळी माती ओढली. फावड्याने सारखी केली. आपण काम नीट केलं, असंही मला तेव्हा वाटलं होतं.

तिसऱ्या हिवाळ्यानंतरच्या जूनमध्ये मी मोटारसायकलवरून त्या बाजूने चाललो होतो. वाडी परतली होती. पावसाआधी घरं लिंपायची म्हणून बायका माती खणत होत्या. इतका मोठा काठ सोडून त्या नेमक्या माझ्या खड्ड्यावर बसल्या होत्या. दुसरीकडे जमीन दगडासारखी टणक, आणि ही माझ्या हातची भुसभुशीत, पहार न लावता निघणारी. मी गाडी थांबवली. एकीने वर बघितलं. "काय बघतो रं भाऊ? माती पायजे काय?"

मी म्हणालो, "नाय."

एवढंच. गाडीला किक मारली आणि गेलो. गोण्या पुरल्या तेव्हा मी नोकर होतो, मालकाने सांगितलं होतं, असं स्वतःला समजावता येतं. मी समजावतही आलो. पण त्या दिवशी मला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या बाईने सरळ विचारलं होतं आणि तो "नाय" माझा स्वतःचा होता.

त्यानंतर वर्षभरात मी नोकरी सोडली, दुकान टाकलं. दर जूनला ताप यावा तशी मला भीती यायची. नदीला पूर आला की वाटायचं, काठ खचेल, गोण्या उघड्या पडतील. काठ खचला नाही तर वाटायचं, बायका खोल खणत जातील. बाजारात वाडीतलं कुणी दिसलं की मी आधी त्याच्या हातांकडे बघायचो. एकदा आयेकडून चिंबोऱ्या घेतल्या. दोरीने बांधलेला जुडगा पुढे करताना तिची बोटं माझ्या तोंडासमोर आली. बोटांच्या पेरांवर गोल पांढरे खड्डे होते. चिंबोरीचे नांगे लागून असतील, कोयत्याने लागलं असेल, डॉक्टर नव्हतो मी. पण ते वण मी ओळखले. घरी जाऊन चिंबोऱ्या बायकोला दिल्या आणि अंघोळ केली.

तर आता त्याच मातीत शाळेतली मुलं हात घालणार होती. शंभर-सव्वाशे मुलं. कोपरापर्यंत.

पुढच्या बैठकीत मी हात वर केला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी कधी हात वर करत नाही. मी म्हणालो, "मातीचं माझ्याकडे द्या. टेम्पोने आणून टाकतो. बायकांना कशाला पाट्या वाहायला लावायच्या."

बाईंना इतका आनंद झाला की मला त्यांच्याकडे बघवेना. "बघा, दादा बोलत नाहीत, पण करतात," त्या म्हणाल्या.

मी शेणव्याला गेलो आणि चुलत भावाच्या शेतातली माती भरून आणली. चाळून घेतली, पिवळसर बघून घेतली. उत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी घाटावर ढीग लावला आणि त्यावर पाणी मारून ठेवलं, म्हणजे रंग गडद दिसेल. भिंत उभी होती, मांडव झाला होता. काठावर मुलांनी कागदी मासे टांगले होते. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली. मी वडापाव खाल्ला.

दुपारी आये आली. तिच्याबरोबर वाडीतल्या चार-पाच जणी. तिने मातीत हात घातला, मूठ दाबली, उघडली. थोडी जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"ही कुनी आनली?"

"मोटरवाल्या दादांनी," बाई म्हणाल्या.

"कुठनं रं, मोटरवाल्या?"

"नदीची आहे," मी म्हणालो. "वरच्या अंगाची."

"खोटं बोलतो," ती सहज म्हणाली, हसत. "ही शेताची हाय. हिच्यात भाताची मुळं हायत, बघ ना. भिंतीला लाव नि उद्या ऊन पडू दे, अशी फुटंल, पापडावानी. आमी काय खुळ्या?"

बाकीच्या बायका हसल्या. एकजण म्हणाली, "पुरुषाला माती आनायला धाडला की असंच व्हायचं. उद्या कुंकू आन म्हनलं तर तिखट आनंल."

आसनगावच्या गृहस्थाने माझ्या खांद्यावर हात टाकला. "काका, पकडले गेले तुम्ही." तो मजेत बोलत होता. मी ढिगाच्या कडेला बसलो.

"जाऊ दे गं," आये म्हणाली. "सकाळी आमीच जाऊ वळनावर. पोरांना पन धाडा, बाई. माती कशी वळखायची ती खनतानाच कळते, इथं बसून नाय."

बाईंचे डोळे चमकले. "डझनभर मुलं आणते. सात वाजता."

मी म्हणालो, "तिकडं काठ खचलाय. पाय घसरेल."

"आमचा नाय घसरत."

"साप आहेत."

"हायत की. आमाला वळखतात."

पुन्हा हशा. माझ्याजवळची सगळी कारणं संपली होती.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी मी बाईंच्या घरी गेलो, सांगायचं ठरवूनच. त्यांनी चहा केला. त्यांची आई खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. बाई दुसऱ्या दिवसाचा कागद माझ्यासमोर धरून वाचत होत्या. किती वाजता गाणी, कुणाचं भाषण, वाडीच्या बायका काय बोलणार. "आयेनं सांगितलंय, पहिलं वाक्य असं असणार. 'तुमी जे टाकता ते आमच्या दारात येतं.' किती थेट आहे ना, दादा?"

मी हो म्हणालो. चहाचा कप खाली ठेवला. आता सांगू, हे पान संपलं की सांगू, असं करता करता त्यांचं वाचून संपलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही काही सांगायला आला होता का?"

"मोटरचा पाइप," मी म्हणालो. "दहा फूट कमी पडेल. उद्या दुसरा आणतो."

बाहेर आलो तेव्हा मला उलटी झाली, त्यांच्याच फाटकाजवळ. आतून म्हातारी विचारत होती, कोण आहे गं, कोण आजारी आहे का.

सकाळी सातच्या आधी वळणावर जायचं, असं मी ठरवलं होतं. गेलो साडेसातला. उशीर का झाला याला काही कारण नाही. दाढी केली. दुकान उघडून आतली मोटर पुसली. पुन्हा बंद केलं. मी वेळ काढत होतो, ते संपून जावं म्हणून. मी पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असावं आणि मग काही सांगावंच लागू नये, हे माझ्या मनात होतं. हेही आता लपवत नाही.

वळणावर पोचलो तर खणणं सुरू झालं होतं. आठ-नऊ बायका, बारा-तेरा मुलं, बाई फोनवर फोटो काढतायत. कमरेएवढा खड्डा झाला होता. आये खड्ड्याच्या काठावर बसून सांगत होती, वरची नाय घ्यायची, त्या खालची घ्या, ती बघा रंगाची. आणि खालून जी निघत होती ती हिरव्या शिरांची होती. एका गोणीची प्लॅस्टिकची चिंधी बाहेर आली होती, कुणीतरी ती उपटून बाजूला टाकली होती. दोन मुली त्या मातीचे लाडू वळत होत्या. त्यातली एक मातीचं बोट तोंडाजवळ नेत होती, आयेने काल माती जिभेवर ठेवली होती तशी.

"हात काढा," मी ओरडलो. "तोंडात घालू नको. हात काढा सगळ्यांनी."

माझा आवाज माझ्याच ओळखीचा नव्हता. मुली दचकल्या, त्यांच्या हातातले लाडू पडले. बायका हसायला लागल्या. "अगो, मोटर चालू झाली," एकजण म्हणाली.

मी खड्ड्यात उतरलो आणि त्या मुलींना धरून वर ढकललं. मग तिथेच उभा राहिलो. "ह्याच्यात विष आहे," मी म्हणालो. "कारखान्याचं. गोण्या आहेत खाली. मी पुरल्यात."

बाईंचा फोन अजून माझ्याकडे धरलेला होता, तो त्यांनी हळू खाली घेतला.

"म्हंजे?" आये म्हणाली.

मी सांगितलं. कारखाना, टेम्पो, तीन हिवाळे. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. शेणव्याची विहीरसुद्धा सांगितली, जी सांगायची काही गरज नव्हती.

"कवा टाकल्यास? आमाला कशी दिसली नाय गाडी?"

"तुम्ही भट्टीवर होता तेव्हा."

"हां," ती म्हणाली. "मंग बरं पडलं तुला."

मुलांना बाईंनी ओढतच घाटावर नेलं. मी माझी मोटर घाटाजवळच्या बोअरवेलला लावली आणि मुलं रांगेत उभी राहिली. साबणाने दोनदा, तीनदा. त्या दोन मुलींचे हात बाईंनी स्वतः धुतले, नखांच्या आतून. जी बोट तोंडाजवळ नेत होती तिला पुन्हा पुन्हा विचारलं, "चाटलंस का? खरं सांग." ती रडत म्हणाली, "नाही, बाई." ते खरं होतं की मार बसेल म्हणून, हे मला आजही माहीत नाही. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. फक्त एकदा विचारलं, "किती गोण्या?" मी म्हणालो, मोजल्या नव्हत्या.

आसनगावचा गृहस्थ त्या दिवशी रजा घेऊन आला होता. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "काका, सहा मीटिंगा तुम्ही माझ्या शेजारी बसला होता." मग त्याने कागद-पेन काढलं. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. खाली मी सही केली. तो कागद तालुक्याच्या कचेरीत गेला, आणखी कुठे कुठे गेला. माणसं येऊन पिशव्यांमध्ये माती घेऊन गेली. हे लिहीपर्यंत तपासणीचा कागद आलेला नाही. माझ्यावर काय व्हायचं ते होईल. दुकानात मोटारी येणं कमी झालंय, फोन वाजला की अजून लगेच उचलत नाही. पण त्या सकाळनंतरची माझी भीती पकडलं जाण्याची नाही, वाडीतल्या माणसांच्या अंगात काय गेलं असेल याची आहे; त्या दुपारचं सांगून थांबतो.

उत्सव त्या दिवशी झाला नाही. भिंत नुसत्या काठ्यांची राहिली. दुपारी आये मला म्हणाली, "चल वाडीवर. कंच्या भिंतीला लागलंय ते दाखव."

मी गेलो. या वाडीत मी आयुष्यात पहिल्यांदा पाऊल ठेवलं. सोळा घरं. स्वच्छ, सारवलेली, भिंतींना खरोखरच ती पिवळी-हिरवी झाक. बायका एकेका दारात उभ्या होत्या. "ही?" एकीने भिंतीवर हात ठेवून विचारलं. मी म्हणालो, "असेल." दुसरी म्हणाली, "माझी औंदाच लिंपलीय. ही नसंल ना?" मी म्हणालो, "ही पण असेल." "नि जमीन?" "जमीन पण." प्रत्येक दारात मी हेच सांगत गेलो. निश्चित काही सांगता येत नव्हतं आणि त्यांना निश्चितच हवं होतं. एका घरात जमिनीवर जुन्या लुगड्याची घडी टाकून तान्हं पोर निजवलं होतं. त्याच्या आईने मला काही विचारलं नाही. आधी पोराकडे बघितलं, मग जमिनीकडे. वाकून त्याला उचललं आणि बाहेर मोहाच्या झाडाखाली जाऊन बसली.

तिला बघून दुसरी उठली. मग तिसरी. कुणी कुणाला सांगितलं नाही. गोधड्या, पातेली, कोंबड्यांचं खुराडं, एकेक वस्तू बाहेर येत गेली. ऊन उतरेपर्यंत सगळी वाडी आपापल्या घराबाहेर, घराकडे तोंड करून बसली होती. पुरुष कामावरून येत होते आणि हे बघून थांबत होते. बायका हळू आवाजात त्यांना सांगत होत्या आणि ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं. कुणी मारलं नाही. एकाने फक्त विचारलं, "मंग आता निजायचं कुठं?"

बाई घाटावरून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मांडव आहे. सतरंज्या आहेत. सगळे चला तिकडे."

म्हणून उत्सवाचा मांडव त्या संध्याकाळी वाडीने भरला. कागदी मासे टांगलेल्या दोऱ्यांखाली लोकांनी गोधड्या घातल्या. शहापुरातून काही घरांनी भाकऱ्या पाठवल्या. आयेने माइकवर बोलायचं ठरवलेलं वाक्य बोललं गेलं नाही. ते आता ऐकवायचं कुणाला, सगळ्यांना दिसतच होतं.

मी वाडीतून दोन हंडे उचलून मांडवात आणून ठेवले. आणखी काही उचलायला मागे वळलो तर आये म्हणाली, "राहू दे. तू आता जा."

मी निघालो.

"कुठं जातो?"

"घरी."

"तुजं घर सारवलेलं हाय का लादीचं?"

"लादीचं," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि सतरंजीची सुरकुती हाताने सरळ करायला लागली.